माणूस गेल्यावर त्याची सोशल मीडिया खाती: आधी सिम, मग फोन, ‘डिलीट’ सगळ्यांत शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: वडील महिन्यापूर्वी वारले. कोल्हापुरात चप्पल लाइनला दुकान. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, जीमेल सगळं त्यांच्या एकाच मोबाइल नंबरावर, आणि दुकानाचं फेसबुक पेजही त्यांच्याच खात्यातून चालायचं. फोनचा पिन आईला माहीत आहे, बाकी पासवर्ड कुणालाच नाहीत. मोठा भाऊ म्हणतो सगळं बंद करून टाक, बहीण म्हणते फोटो आणि आवाज राहू देत. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे आणि फेसबुक सगळ्यांना आठवण करून देणार. सुरुवात कुठून करायची?

भाऊ आणि बहीण दोघांचंही ऐकता येईल. अडचण फक्त क्रमाची आहे. घरात सगळ्यांत आधी ‘नंबर बंद करू या, उगाच रिचार्ज कशाला’ हा निर्णय होतो, आणि नेमकी तीच चूक निस्तरता येत नाही. तो नंबर म्हणजे सगळ्या खात्यांची किल्ली. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी तिथेच येणार, व्हॉट्सॲप तर त्या नंबराशिवाय उभंच राहत नाही.

म्हणून आज पहिलं काम एकच. नंबर प्रीपेड असेल तर सगळ्यांत स्वस्त वैधतेचा रिचार्ज मारा, पोस्टपेड असेल तर बिल भरत राहा. नुसती वैधता असून भागत नाही, वापरही दिसावा लागतो. ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच झालं नाही तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. तेव्हा आठवड्यातून एकदा त्यावरून घरी एक कॉल लावा. काढून घेतलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, पण नंतर तो बाजारात येतो. मग वडिलांच्या फेसबुकचा ओटीपी कुणा परक्याच्या हातात जाणार.

दुकानाचे ग्राहक याच नंबरावर फोन करत असतील तर तो बंद न करता वारसाच्या नावावर करून घ्या. कंपनीच्या गॅलरीत मृत्यूचा दाखला, तुमची केवायसीची कागदपत्रं आणि नात्याचा पुरावा घेऊन जायचं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र बहुतेक ठिकाणी मागतात, म्हणून आई आणि भावंडांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा. या प्रक्रियेत नवं सिम मिळालं तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. ओटीपी येत नाही म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा ‘रीसेंड’ दाबलं की समोरचं खातं काही काळ लॉक होतं. एक दिवस थांबा.

आता फोन. आईला पिन माहीत आहे म्हणजे तुमचं निम्मं काम झालंय. तो पिन कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला अंदाजाने आकडे दाबू देऊ नका. पिन माहीत नसलेल्या घरांत दोन गोष्टी हमखास होतात. एक, बॅटरी संपून फोन बंद पडतो. चालू केल्यावर बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, पिनच लागतो. दुसरं, फोन रिपेअरीच्या दुकानात नेऊन ‘रीसेट’ करून घेतला जातो. रीसेट केल्यावर आतले फोटो तर जातातच, शिवाय अँड्रॉइड फोन आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, म्हणजे हातात नुसती काच उरते. ‘लॉक तोडून डेटा काढून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हाती फोन आणि मृत्यूचा दाखला एकत्र कधीच देऊ नका. फेसबुक, गूगल यांच्याकडे अशा अर्जांना एक रुपयाही फी नाही.

एक अपवाद मात्र ठळक सांगायला हवा. मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा आत्महत्येचा असेल, तर फोन उघडायचा नाही आणि त्यातलं काही पुसायचं नाही. तो तपासातला पुरावा असतो, पोलिसांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. वारसांत वाद असेल तरीही आधी वकिलाला विचारा.

कागदपत्रं

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. घर कागलला पण मृत्यू कोल्हापूर शहरातल्या दवाखान्यात झाला असेल, तर दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून मिळणार. उपचाराला मिरजेला नेलं होतं आणि तिथेच गेले, तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे जायचं. खेड्यात घरी मृत्यू झाला तर ग्रामपंचायतीत. नोंदणीची मुदत २१ दिवसांची आहे. दवाखान्यातला मृत्यू दवाखानाच कळवतो, घरचा मात्र आपल्याला कळवावा लागतो. ३० दिवसांच्या पुढे गेलं की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं.

दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा. काढताना इंग्रजीतलं नावाचं स्पेलिंग काउंटरवरच तपासा. गूगलला कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित, नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर लागतं. दाखल्यावर नाव आणि तारखा इंग्रजीतही असतील तर तो वेळ वाचतो. जुन्या पद्धतीचा हाती लिहिलेला मराठी दाखला असेल तर भाषांतर करून नोटरीकडे जाण्यावाचून इलाज नाही.

आता आपल्या भागातली खास अडचण. दाखल्यावर नाव असतं आधार कार्डाप्रमाणे, आणि फेसबुकवर असतं ‘बाळासाहेब’, ‘बापू’, ‘आण्णा’, नाहीतर पुढे ‘सरकार’ जोडलेलं. परदेशात बसून अर्ज तपासणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात आणि अर्ज परत येतो. यावर सोपा उपाय निधनवार्ता. फेसबुकवर स्मृतिखात्यासाठी (म्हणजे खातं न पुसता आठवण म्हणून गोठवून ठेवण्यासाठी) वृत्तपत्रातली निधनवार्ता पुरावा म्हणून चालते. वार्ता देताना पूर्ण नाव, कंसात रोजचं नाव, मृत्यूची तारीख आणि मुलांची नावं येतील असं बघा. रक्षाविसर्जनाची वेळ आपण आठवणीने छापतो, तशीच ही ओळ. छापलेलं कात्रण आणि ई-पेपरवरच्या पानाचा फोटो दोन्ही ठेवा. महिना होऊन गेला असेल तर मासिक श्राद्धाच्या किंवा पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतही हे साधता येतं.

वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र यासाठी लगेच कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाच्या फेऱ्या सुरू करू नका. बँक ठेवी, शेअर यांच्यासाठी ते लागेल तेव्हा लागेल. नुसतं फेसबुक खातं काढायला मृत्यूचा दाखला सहसा पुरतो. इन्स्टाग्राम मात्र खातं काढून टाकायचं असेल तर मृत व्यक्तीचा जन्मदाखला, मृत्यूचा दाखला किंवा तुम्ही कायदेशीर प्रतिनिधी असल्याचा पुरावा, यांपैकी काही तरी मागतं.

बंद करण्याआधी काय काढून घ्यायचं

बहिणीला आवाज हवा आहे ना? मग हे नीट वाचा. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज गॅलरीत दिसत नाहीत आणि गूगल फोटोजमध्येही जात नाहीत. ‘फोटोंचा बॅकअप आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरांचा आवाज असाच गेलेला असतो. अँड्रॉइड फोनमध्ये फाइल मॅनेजर उघडा. त्यात ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, ‘व्हॉट्सॲप’, पुन्हा ‘मीडिया’ आणि शेवटी ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ हे फोल्डर. बिझनेस ॲप असेल तर त्याचं फोल्डर वेगळं असतं, तेही बघा. हे फोल्डर केबलने संगणकावर अख्खंच्या अख्खं उचला. फाइली ओपस प्रकारच्या असतात, व्हीएलसी प्लेयरमध्ये वाजतात. नावांत फक्त तारखा असल्यामुळे वडिलांनी पाठवलेले आणि त्यांना आलेले आवाज एकत्रच असतील, ते निवडत बसायचं काम नंतरचं. नातेवाइकांनाही सांगून ठेवा. वडिलांनी त्यांना पाठवलेले आवाज त्यांच्या फोनमध्ये आहेत आणि खातं बंद झालं तरी तिथे राहतात.

महत्त्वाच्या गप्पा हव्या असतील तर प्रत्येक चॅट उघडून ‘एक्स्पोर्ट चॅट’ करावं लागतं. सगळं एकदम बाहेर काढायची सोय नाही, आणि फोटोंसह काढलं तर मेसेजची मर्यादा पडते. त्यामुळे एक्स्पोर्ट मजकुरापुरतं करा आणि फोटो-व्हिडिओ वरच्याच रीतीने फोल्डरमधून घ्या. व्हॉट्सॲप वेबवर विसंबू नका. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही की जोडलेले संगणक आपोआप बाहेर पडतात. आणि १२० दिवस खातं वापरलंच नाही तर व्हॉट्सॲप ते स्वतःहून पुसतं.

फोन चालू असताना आणखी एक गोष्ट उरकून घ्या. भिशीचा, तालमीचा, गल्लीच्या गणपतीचा, भाऊबंदांचा असे वडील ज्या ज्या ग्रुपचे एकटे ॲडमिन होते, तिथे दुसऱ्याला ॲडमिन करा आणि मगच बाहेर पडा. नुसतं खातं पडून राहिलं तर चार महिने तो ग्रुप निर्नायकी राहतो, कुणाला काढता येत नाही.

त्यांच्या नंबरावरून कुणाला काही कळवायचं असेल तर पहिल्याच ओळीत ‘मी त्यांचा मुलगा लिहितोय’ असं हवं. गेलेल्या माणसाच्या नावाने फोन वाजतो आणि वर त्याचा फोटो दिसतो, तेव्हा म्हातारी माणसं हादरतात. शक्यतो आपल्याच नंबरावरून कळवा. फोनमध्ये पैसे देण्याची ॲप्स असतील तर त्यातून एक रुपयाही हलवू नका, बँकेला कळवा. मृत्यूनंतरचा प्रत्येक व्यवहार पुढे वारसांत प्रश्न उभा करतो.

आणि वाचायचं काय, काय नाही? फोटो, आवाज, दुकानाचे हिशेब घ्या. बाकीच्या खासगी गप्पा उघडून बसू नका. त्यात फक्त वडील नाहीत, त्यांच्याशी मन मोकळं केलेली समोरची माणसंही आहेत. फोन घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा.

दुकानाचं पेज: इथे घाई फार महागात पडते

फेसबुकचा नियम असा आहे की पेजचा एकच ॲडमिन असेल आणि त्याचं खातं स्मृतिखातं झालं, तर ते पेजही काढून टाकलं जातं. इतक्या वर्षांचे ग्राहक, फोटो, अभिप्राय सगळं त्याबरोबर जातं. दुसरी गंमत अशी की, स्मृतिखात्यासाठी अर्ज तुम्हीच करायला हवा असं नाही. वडिलांचा एखादा मित्र चांगल्या भावनेने निधनवार्ता जोडून अर्ज करतो, फेसबुक तो मान्य करतं, आणि त्या क्षणापासून त्या खात्यात कुणालाच शिरता येत नाही. पासवर्ड असला तरीही. म्हणून मित्रमंडळींना आजच सांगा: ‘फेसबुकला अजून काही कळवू नका, आम्ही करतोय.’

पेज वाचवायचा मार्ग एकच. वडिलांच्या फोनमध्ये फेसबुक उघडं असेल तर पेजच्या सेटिंगमध्ये ‘पेज ॲक्सेस’ इथे जाऊन स्वतःला ‘फुल कंट्रोल’सह जोडणं आणि तुमच्या खात्यातून ते आमंत्रण स्वीकारणं. अर्धवट अधिकार घेऊ नका, नुसत्या पोस्ट टाकण्याच्या अधिकाराने पेज तुमचं होत नाही. इन्स्टाग्रामवर ऑर्डरी येत असतील तर त्या खात्याचा ईमेल आणि नंबर कोणता हेही आताच बघा. जाहिराती चालू असतील तर थांबवा, नाहीतर कार्डावरून पैसे कापले जात राहतील.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही: दुसऱ्याच्या खात्यात शिरणं फेसबुकच्या नियमात बसत नाही, मुलगा असला तरी. कायद्याच्या बाजूने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्याबद्दल आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड. सगळ्या वारसांच्या संमतीने पेजवर नाव जोडून बाहेर पडणं हे त्या हेतूत मोडत नाही असं मानायला जागा आहे. पण वडिलांच्या नावाने पोस्ट टाकणं, कुणाकडे पैसे मागणं, एका भावाने दुसऱ्याला न कळवता पेज बळकावणं हे सरळ धोक्याचं. आईची आणि भावंडांची लेखी संमती एका साध्या कागदावर घ्या, तारखेसह.

गूगल मॅपवरची दुकानाची नोंद तुलनेने सोपी. मॅपवर दुकान उघडून मालकी मागण्याचा पर्याय दाबा. आधीच्या मालकाच्या खात्याला उत्तरासाठी ३ दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर बहुतेक वेळा पडताळणी करून नोंद तुमच्याकडे येऊ शकते.

फेसबुक: स्मृतिखातं की कायमचं बंद

आता भावा-बहिणीचा वाद. स्मृतिखातं केलं की नावाजवळ ‘रिमेम्बरिंग’ असं येतं. जुन्या पोस्ट आणि फोटो ज्यांना आधी दिसत होते त्यांना दिसत राहतात, कुणी लॉगिन करू शकत नाही, आणि वाढदिवसाची आठवण, ‘यांना तुम्ही ओळखता का’ असल्या सूचना थांबतात. म्हणजे तुमची पुढच्या महिन्याची काळजी मिटते. खातं काढून टाकलं तर सगळंच जातं, दुसऱ्यांनी त्यावर लिहिलेलंसुद्धा. घरात एकमत नसेल तेव्हा स्मृतिखातं करावं असं मी म्हणेन, कारण त्यानंतरही काढून टाकता येतं, पण काढलेलं परत येत नाही.

वडिलांनी हयातीत ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्या पश्चात खातं बघणारी व्यक्ती, नेमला असेल तर त्या व्यक्तीला मुखपृष्ठाचा फोटो बदलता येतो, वर एक पोस्ट ठेवता येते, मैत्रीच्या विनंत्या स्वीकारता येतात आणि खातं काढण्याची विनंती करता येते. मेसेज मात्र तिलाही वाचता येत नाहीत. नेमला नसेल तर खातं आहे तसंच गोठतं. म्हणून प्रोफाइलला एखादा नको तो फोटो असेल तर तो अर्जानंतर बदलता येणार नाही हे लक्षात ठेवा.

अर्ज फेसबुकच्या मदत विभागात ‘मेमोरियलायझेशन रिक्वेस्ट’ या नावाने मिळतो. प्रोफाइलचा दुवा, मृत्यूची तारीख आणि पुरावा, एवढंच लागतं. तरी अर्ज परत येतात, त्याची कारणं ठरलेली: प्रोफाइलऐवजी दुकानाच्या पेजचा दुवा दिला, दाखल्याचा फोटो घेताना कोपरे कापले गेले, किंवा संपर्कासाठी वडिलांचाच ईमेल टाकला आणि उत्तर तिकडे गेलं. ईमेल स्वतःचा द्या, स्पॅमही बघत राहा. त्यांनी आणखी कागद मागितले तर नवा अर्ज न करता आलेल्या मेललाच उत्तर द्या.

इन्स्टाग्रामचं स्मृतिखातं जवळजवळ याच पद्धतीने होतं, फक्त अर्ज वेगळा करावा लागतो. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) स्मृतिखात्याची सोय नाही, जवळच्या नातेवाइकाने स्वतःचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला दिला की खातं बंद करतात. लिंक्डइन दोन्ही करतं.

जीमेल सगळ्यांत शेवटी

बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे मेल जीमेलवर येतात, म्हणून ते आधी बंद करू नका. गूगल फोटोजमध्ये काय काय आहे ते बघून उतरवून घ्या. पासवर्ड नसेल तर गूगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी वेगळा अर्ज आहे. त्यात खातं बंद करणं, त्यातले पैसे मागणं आणि डेटा मागणं असे पर्याय मिळतात. पासवर्ड ते कुणालाही देत नाहीत. डेटा देतीलच असंही नाही, प्रत्येक अर्जाचा निर्णय वेगळा होतो. आणि काहीच केलं नाही तर? २ वर्षं न वापरलेलं खातं फोटोंसकट पुसण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवलाय आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे. ‘राहू दे तसंच’ हा उपाय गूगलपुरता चालत नाही.

आयफोन असेल आणि लेगसी कॉन्टॅक्ट नेमलेला असेल, तर ॲक्सेस की (नेमताना तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला देऊन डेटा मिळतो, तोही ३ वर्षांपुरता. नेमलेला नसेल तर ॲपल न्यायालयाचा आदेश मागू शकतं.

बनावट खात्यांबद्दल

श्रद्धांजलीच्या पोस्टमधला फोटो उचलून त्याच नावाचं दुसरं खातं काढायचं आणि ओळखीच्यांकडे पैसे मागायचे, हा धंदा जोरात आहे. आपण त्याला हातभारही लावतो: चौकातल्या डिजिटल फलकावर जन्मतारीख, ग्रुपवर मृत्यूच्या दाखल्याचा फोटो, निधनवार्तेत मोबाइल नंबर. फलकावर फोटो आणि नाव पुरे. बनावट खातं दिसलं तर ‘दुसऱ्याचं सोंग घेतलंय’ या कारणाखाली घरातल्या चार-पाच जणांनी तक्रार करा. त्याआधी खात्याचा दुवा आणि स्क्रीनशॉट घ्या, कारण खातं उडालं की पुरावाही उडतो. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन.

हे सगळं उरकल्यावर आईला आणि भावंडांना घेऊन स्वतःच्या फोनवर दहा मिनिटं बसा. फेसबुकच्या ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये वैयक्तिक माहितीखाली स्मृतिखात्याची सेटिंग आहे, तिथे लेगसी कॉन्टॅक्ट नेमा. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि कोणता डेटा द्यायचा हे त्यात ठरवता येतं, १० जणांपर्यंत नावं टाकता येतात. मृत्यूपत्रात पासवर्ड लिहू नका, ते पुढे अनेकांच्या हातून जातं. त्यात फक्त ‘माझी डिजिटल खाती अमक्याने बघावीत’ एवढं लिहा आणि फोनचा पिन बंद पाकिटात वेगळा ठेवा. मृत्यूपत्र कागदावरच हवं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, मोबाइलवर टाइप करून पाठवलेलं आपल्याकडे चालत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये आपल्या पश्चात डेटाचे हक्क बजावायला व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर प्रत्येक कंपनीच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव टाकणं हाच चालणारा मार्ग.